ईएफ ६० असूनही पेशंट सिरियस का? फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्यावर नातेवाईकांनी काय बघायचं, काय विचारायचं

"सिस्टर, रिपोर्टमध्ये ईएफ ६० लिहिलंय, मग आईचं हार्ट चांगलंच आहे ना?" आयसीयूच्या दारात हे विचारणारा मुलगा अजून डोळ्यासमोर आहे. हातात इकोचा, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीचा कागद, घडी घालून घालून मऊ पडलेला, आणि आत त्याच्या आईचं वरचं बीपी ८४. पायाचं हाड मोडलं म्हणून काकू ३ आठवडे प्लास्टरमध्ये पडून होत्या, सकाळी बाथरूमला म्हणून उठल्या आणि दारातच कोसळल्या, मिनिटभरात शुद्धीवर आल्या पण दम काही खाली बसेना. मुलाला कुणीतरी घाईघाईत "ब्लॉकेज आहे" एवढंच सांगितलेलं, त्यामुळे त्याच्या डोक्यात अँजिओप्लास्टी, स्टेंट आणि खर्चाचा आकडा, आणि इकडे कागदावर ईएफ ६०. त्याला वाटलं काहीतरी गफलत झालीय.

गफलत काहीच नव्हती. ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं तो आकडा, आणि तो हार्टच्या डाव्या बाजूचा आहे आणि या आजारात मार बसतो तो उजव्या बाजूला. मी आयसीयूत सिस्टर आहे, हे रोज बघते, आणि मला मनापासून वाटतं की पल्मनरी एम्बोलिझम म्हणजे पीई, फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी, म्हटल्यावर घरच्यांनी "गुठळी केवढी आहे" हे विचारण्याआधी "उजवं हार्ट कसं आहे" हे विचारावं. का ते नीट सांगते, थोडं लांबेल पण वाचा.

आधी गुठळी येते कुठून ते बघू. बहुतेक वेळा पायातून. पोटरीच्या किंवा मांडीच्या आतल्या खोल शिरेत रक्त साकळतं, त्याचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर वर निघतो, मांडीतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हार्टच्या उजव्या वरच्या कप्प्यात, मग उजव्या खालच्या कप्प्यात, आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत. इथपर्यंत रस्ता रुंदच असतो म्हणून तो कुठे अडकत नाही. फुफ्फुसात मात्र धमनीला फांद्या फुटत जातात, त्या बारीक बारीक होत जातात, आणि मग तुकडा आपापल्या मापाच्या फांदीत जाऊन बसतो. लहान असेल तर कडेला, मोठा असेल तर जिथे धमनी डाव्या आणि उजव्या फुफ्फुसाकडे फुटते त्या बेचक्यातच आडवा, घोड्यावर खोगीर टाकावं तसा, डॉक्टर त्याला सॅडल म्हणतात ते यामुळेच.

आता हार्टची रचना. आपण एक पंप म्हणतो पण ते दोन पंप आहेत, शेजारी शेजारी, मधे एक सामाईक भिंत. डावा पंप सगळ्या अंगाला रक्त पोचवतो, डोक्यापासून अंगठ्यापर्यंत, त्यामुळे तो १२० च्या आसपास प्रेशर काढतो आणि त्याची भिंत जाड. उजव्या पंपाला फक्त शेजारच्या फुफ्फुसात रक्त ढकलायचं असतं, त्याला वरचं प्रेशर २५ च्या आसपास पुरतं, त्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर. पण रक्त दोघांतून सारखंच जातं, मिनिटाला साधारण ५ लिटर, म्हणजे अंगातलं सगळं रक्त मिनिटभरात एकदा फुफ्फुसातून फिरून येतं. तो रस्ता अडला की मागे सगळंच अडतं.

शेतावर मोटर बघितलीय ना, डिलिव्हरी पाइपात काही अडकलं की मोटरचा आवाज बदलतो, घरघर करते, तापते, पाणी वर चढत नाही. अगदी तसंच. उजवा पंप आयुष्यभर हलक्या कामाला बसवलेला आणि अचानक त्याच्यासमोर बंद पाइप. फुफ्फुसातल्या धमन्यांना निसर्गाने भरपूर सूट दिलेली असते, त्यामुळे साधारण ३० ते ५० टक्के रस्ता बंद होईपर्यंत प्रेशर फारसं वाढत नाही, बारक्या गुठळ्या कित्येकदा कळतही नाहीत. त्याच्या पुढे गेलं की मात्र प्रेशर झपाट्याने चढतं, त्यात गुठळीतल्या पेशी काही रसायनं सोडतात त्याने उघड्या असलेल्या धमन्याही आवळतात, म्हणजे गुठळीने जेवढा रस्ता अडवलाय त्याहून जास्त अडल्यासारखं होतं. आणि कालपर्यंत नॉर्मल असलेला उजवा पंप सरासरी ४० च्या वर प्रेशर काढूच शकत नाही. जिमला जाणारा असो की मॅरेथॉन पळणारा असो, हे प्रेशर सोसायची सवय कुणाच्याच उजव्या पंपाला नसते.

मग तो फुगतो. फुगला की मधली भिंत डावीकडे ढकलली जाते. इकोच्या स्क्रीनवर हे इतकं स्पष्ट दिसतं की एकदा बघितलेला माणूस विसरत नाही, आडवा छेद घेतला की डावा कप्पा एरवी पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल दिसतो, काकूंचा अर्ध्या चंद्रासारखा चपटा झालेला, एका बाजूने सरळ, आणि शेजारी उजवा कप्पा टम्म फुगलेला. डाव्या पंपात ताकद आहे पण त्याला पसरायलाच जागा नाही, शिवाय पलीकडून फुफ्फुसातून रक्तही कमीच येतंय. समजा एरवी १०० मिली भरायचं आणि ६० बाहेर जायचं, आता ५० च भरतंय आणि ३० जातंय. टक्केवारी काढा, दोन्ही वेळा ईएफ ६०. त्या मुलाला मी कागदाच्या मागच्या बाजूला हेच गणित मांडून दाखवलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की आकडा बरोबर आहे आणि आईही सिरियसच आहे.

बीपी पडलं की पुढचं चक्र सुरू होतं. उजव्या पंपाच्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागतं आणि ते त्याला याच बीपीवर मिळतं, आता आतून ताण वाढलेला आणि बाहेरून पुरवठा कमी, म्हणून तो आणखी दमतो, आणखी फुगतो, बीपी आणखी पडतं. हे चक्र तुटलं नाही तर तासाभरातही माणूस जाऊ शकतो. म्हणूनच आम्ही लोक पीईच्या पेशंटला "बोलतायत, बसलेत, बरे दिसतायत" म्हणून सोडून देत नाही.

ऑक्सिजन का उतरतो तेही सांगते. मुंबईकरांना मेगाब्लॉक माहितीये, स्लो लाइन बंद, सगळी गर्दी फास्टवर. फुफ्फुसाच्या ज्या भागाचं रक्त अडलंय तिथे हवा पोचते पण ती घ्यायला रक्तच नाही, आणि उरलेल्या भागात सगळं रक्त एकदम लोटतं, तिथे ते घाईघाईत अर्धवट ऑक्सिजन घेऊन निघून जातं. त्यामुळे पेशंट जोरजोरात श्वास घेतोय, छातीत स्टेथो लावला तर आवाज बहुतेक वेळा साफ, एक्सरेही बऱ्याचदा नॉर्मलच्या जवळ, आणि बोटातल्या मशीनवर ८८. ही विसंगती लक्षात ठेवा, फुफ्फुस स्वच्छ आणि दम मात्र प्रचंड.

आता सलाईनचं. "बीपी लो आहे तर सलाईन का लावत नाही तुम्ही?" यावरून आमच्याशी भांडणं झालीयेत, आणि मी समजू शकते, आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन हे डोक्यात पक्कं बसलंय. पण इथे उजवा पंप आधीच तुडुंब भरलाय, त्यात बाटल्यांवर बाटल्या सोडल्या तर तो आणखी फुगणार, भिंत आणखी डावीकडे सरकणार आणि बीपी वाढायच्या ऐवजी पडणार. थोडंसं सलाईन डॉक्टर कधीकधी बघून देतात, पण जास्त भर बीपी वाढवणाऱ्या औषधावर असतो, नॉरअॅड्रेनलिनचं इन्फ्युजन लावतात ते त्यासाठी. व्हेंटिलेटरचंही तसंच, भूल देताना बीपी पडतं आणि मशीन छातीत हवा दाबून भरतं त्याने उजव्या पंपावर लोड वाढतो, म्हणून शक्य तोवर टाळतात. "काहीच करत नाहीयेत" असं वाटलं तर आधी विचारा, का करत नाही ते.

घरी ओळखायचं कसं

एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, पोटरी दुखते, गरम लागते, जरा लालसर. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारणं वेगळी असतात, एकच सुजला तर गुठळीचा विचार आधी करायचा. आणि हात जोडून सांगते, अशा पोटरीला तेल लावून चोळू नका, रगडून घेऊ नका, आतला तुकडा सुटू शकतो. पायाची सोनोग्राफी, डॉपलर म्हणतात ती, करून घ्या, सुई नाही काही नाही, झटकन होते.

गुठळी वर गेली की अचानक दम लागतो, श्वास आत घेताना छातीत कळ येते, धडधड, कधी थुंकीत रक्त, कधी नुसतंच उठल्याबरोबर डोळ्यापुढे अंधारी येऊन पडणं. पित्त झालंय, गॅस वर चढलाय, घाबरलीय म्हणून घरी थांबण्यातच वेळ जातो. त्यात गेल्या महिना-दीड महिन्यात यातलं काही झालं असेल तर अजिबात थांबू नका: गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन, प्लास्टर, आजारपणात अंथरुणाला खिळणं, बाळंतपण (पहिले ६ आठवडे धोका सगळ्यात जास्त, म्हणजे आपला सव्वा महिना जवळपास पूर्ण त्यातच येतो), कॅन्सर आणि त्याची ट्रीटमेंट, आधी कधी गुठळी झालेली असणं, घरात कुणाला झालेली असणं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, गौरी-गणपतीत किंवा लग्नात पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्याही सांगा, घरातली बाई चारचौघांत सांगायला लाजते आणि नेमकी तीच माहिती महत्त्वाची असते. लाजायचं काही नाही त्यात.

लांबचा प्रवासही यात येतो, मुंबईहून अमेरिकेला १५-१६ तास एका सीटवर बसून मुलांकडे जाणारे आईवडील, किंवा रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसणारे. ही गोष्ट नवी नाही, १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडायचे तेव्हा लोक भुयारी आसऱ्यात रात्र रात्र आरामखुर्चीत बसून काढायचे, खुर्चीचा पुढचा दांडा मांडीखाली रुतायचा, आणि त्यातले काही लोक अचानक मरत होते, तेव्हा किथ सिम्पसन नावाच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की हे पायातल्या गुठळ्या फुफ्फुसात गेल्यामुळे होतंय. प्रवासात तास-दीड तासाने उठून चार पावलं टाका, सीटवर बसल्या बसल्या पाऊल वरखाली करत राहा, पाणी पीत राहा. पोटरीचा स्नायू दाबला गेला की शिरेतलं रक्त वर जातं, एवढं साधं आहे ते.

संशय आला की १०८ ला फोन. पेशंटला चालवत नेऊ नका, जिन्यावरून उतरवू नका, मोटरसायकलवर मधे बसवून तर मुळीच नाही. खुर्चीत बसवून उचलून न्या. संडासला जायचं म्हणाले तरी उठवू नका, उभं राहिलं आणि कुंथलं की हार्टकडे परत येणारं रक्त एकदम कमी होतं आणि आधीच काठावर असलेला माणूस तिथेच कोसळतो, काकूंचं तेच झालं होतं. दम लागत असेल तर पाठीला उशा लावून अर्धवट बसवा, चक्कर येऊन पडलेच तर आडवं झोपवा. घरात बीपी मशीन असेल तर एक बघा, नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या आकड्यापेक्षा मोठा आहे का. काकूंची नाडी १२८ आणि बीपी ८४. असं उलटं दिसलं तर फोनवर तेच आकडे सांगा आणि सीटी स्कॅन, इको आणि आयसीयू असलेल्या ठिकाणीच न्यायला सांगा.

रिपोर्ट हातात आला की

डी-डायमर, ही रक्ताची तपासणी. हा निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांना संशयही कमीच असेल तर पीई नाही असं धरता येतं. पॉझिटिव्ह आला म्हणजे पीई आहेच असं नाही, ऑपरेशन, बाळंतपण, इन्फेक्शन, नुसतं वय, कशानेही तो वाढतो. त्यामुळे लॅबमधून परस्पर डी-डायमर करून घाबरत बसू नका.

ईसीजी बऱ्याचदा फक्त "नाडी जोरात" एवढंच दाखवतो. ट्रोपोनिन ही हार्टच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी, ते वाढलं तर लोकांना वाटतं हार्ट अटॅक, पण इथे ते उजव्या पंपाच्या स्नायूला बसलेल्या ताणामुळे वाढतं. प्रो-बीएनपी ही पण रक्ताचीच तपासणी, ते वाढलं तर कप्पा ताणला गेलाय.

सीटीमध्ये गुठळी दिसतेच, पण सगळे लोक तेवढंच वाचतात. तुम्ही खाली आरव्ही-एलव्ही रेशो शोधा. आरव्ही म्हणजे उजवा खालचा कप्पा, एलव्ही म्हणजे डावा. उजवा डाव्यापेक्षा लहान असायला हवा, रेशो १ च्या वर गेला म्हणजे उजवा मोठा झालाय. मी मोठी सॅडल गुठळी असूनही बीपी छान असलेले लोक बघितलेत आणि लहान दिसणाऱ्या गुठळ्यांनी, आधीच हार्ट किंवा फुफ्फुस कमजोर म्हणून, आडवे झालेलेही बघितलेत.

इकोमध्ये ईएफ सोडून बाकीचं वाचा. "आरव्ही डायलेटेड" म्हणजे फुगलाय. "डी-शेप्ड एलव्ही" म्हणजे तोच अर्धा चंद्र. टॅप्से हा आकडा उजवा पंप किती हलतोय ते सांगतो, १७ मिलिमीटरच्या खाली असेल तर दमलाय, काकूंचा ११ होता. आयव्हीसी म्हणजे पोटातली मोठी शीर, ती फुगलेली आणि श्वासाबरोबर आकसत नसेल तर मागे रक्त तुंबलंय, मानेवरची शीर फुगलेली दिसते ती पण त्याचमुळे. आणि फुफ्फुसाचं प्रेशर. ते ४५-५० असेल तर ताजी गुठळी, पण ७०-८० असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा की हे जुनं दुखणं तर नाही, कारण नव्याने ताण आलेल्या पंपाला एवढं प्रेशर काढताच येत नाही, तिथे तो बरेच महिने हळूहळू जाड होत आलेला असतो. उलट प्रेशर कमी आणि पेशंट मात्र गार पडलेला, लघवी कमी झालेली, हे त्याहून वाईट, याचा अर्थ पंपाने हात टेकलेत.

डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: बीपी औषधाशिवाय टिकतंय का, इकोत उजवी बाजू कशी आहे, ट्रोपोनिन वाढलंय का. तिन्ही ठीक असतील तर कमी धोका, काही पेशंट तर गोळ्यांवर लवकर घरी जातात. बीपी ठीक पण उजवी बाजू फुगलेली असेल तर मधला गट, यांना पहिले २-३ दिवस डोळ्यात तेल घालून सांभाळावं लागतं. वरचं बीपी ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिलं तर मॅसिव्ह, म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याचा गट.

औषधांबद्दल एक गैरसमज काढून टाका. हिपॅरिनचं इंजेक्शन, पोटात टोचतात ते एनॉक्सापॅरिन, किंवा रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅनसारख्या गोळ्या, हे कुणीच गुठळी विरघळवत नाहीत. ते नवीन गुठळी होऊ देत नाहीत, असलेली वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम आपलं शरीरच करतं, हळूहळू. वेळच नसेल तेव्हा अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज देतात, ते खरंच गुठळी फोडतं, पण त्याने मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो, शंभरात एक-दोघांना, म्हणून बीपी कोसळलेल्यांनाच ते पहिल्यांदा देतात. सही घेताना डॉक्टर हे सांगतात तेव्हा "धोका आहे तर नकोच" असं म्हणून मागे सरू नका, न देण्यातला धोका किती तेही त्याच वेळी विचारा. जिथे सोय आहे तिथे कॅथेटर घालून गुठळी ओढूनही काढतात. काकूंना टेनेक्टेप्लेज दिलं, संध्याकाळपर्यंत नाडी १२८ ची ९६ झाली आणि त्यांनी चहा मागितला.

घरी आल्यावर

रक्त पातळ करायची गोळी किमान ३ महिने. दम गेला म्हणून बंद नाही, डबी संपली म्हणून बंद नाही, दात काढायचाय म्हणून परस्पर बंद नाही. ३ महिन्यांनंतर थांबवायची की चालू ठेवायची हे कारणावर ठरतं, प्लास्टरमुळे झाली असेल तर बहुतेक थांबवतात, विनाकारण झाली असेल किंवा कॅन्सर असेल तर पुढे चालू. रिव्हारॉक्सॅबॅन १५ आणि २० ची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट अंगी लागत नाही. एकादशीचा उपवास असेल तरी त्या वेळी पोटभर फराळ करून घ्या. वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, २ ते ३ मधे राहायला हवा, आणि पालेभाजी बंद करायची नाही, रोज साधारण सारखीच खायची. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून घेऊ नका, रक्त पातळ असताना पोटात रक्तस्राव होतो. काळी शी झाली, डोक्यावर पडलात, किंवा लघवीतून रक्त गेलं तर त्याच दिवशी दवाखाना.

बहुतेकांचा उजवा पंप काही दिवसांत, काही आठवड्यांत पूर्ववत होतो, हे खरंच दिलासा देणारं आहे. पण शंभरात दोन-चार जणांच्या गुठळ्या विरघळत नाहीत, धमनीच्या आतल्या अस्तराला दोरीसारख्या चिकटून बसतात, प्रेशर वाढलेलंच राहतं आणि उजवा पंप महिनोन्महिने झिजत जातो. हे ऑपरेशनने दुरुस्त होऊ शकतं, छाती उघडून धमनीचं आतलं अस्तर सोलून काढतात, ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी धमनीत फुगा फुगवून रस्ता मोकळा करणं आणि औषधं आहेत, पण आधी कुणीतरी ओळखायला तर हवं. म्हणून ३ महिन्यांच्या तपासणीला जाताना पहिला इको घेऊन जा, नवा त्याच्याशेजारी ठेवून टॅप्से आणि प्रेशर दोन्ही बघायला सांगा, आणि "बरंय" असं मोघम न सांगता नेमकं सांगा: एक जिना चढताना मधे थांबावं लागतं का, आजाराआधी लागत नव्हतं का, आंघोळ करून कपडे घालताना दम लागतो का. लागत असेल तर व्हीक्यू स्कॅन, म्हणजे फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे कुठे पोचतंय ते दाखवणारा स्कॅन, करायला हवा का हे तुम्ही स्वतःहून विचारा.